हात बघ

अगं, तुझा मेल काल रात्री वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला. 'ब्रोकन ब्लॉसम्स' बघून रडू आलं, मग रडल्याचीच लाज वाटली, आता प्रोजेक्टमध्ये याला माणुसकीचा सिनेमा म्हणू की वंशवादी, असं विचारतेयस. लेबल लावायची एवढी घाई कशाला? हात बघ.

तो सीन परत लाव. लंडनचं लाइमहाउस, बापाने चाबकाने फोडून काढलेली ल्यूसी त्या चिनी दुकानदाराच्या खोलीत, अंगावर त्याने दिलेलं रेशीम, आणि तो वाकत वाकत इतका जवळ येतो की ती घाबरते, मग तो थांबतो आणि तिच्या बाहीचा काठ ओठांना लावतो. बाहीचा. दिग्दर्शक ग्रिफिथने 1919 मध्ये प्रेम दाखवायची हिंमत केली खरी, पण ओठ कापडापाशीच अडवले. आणि तो चिनी माणूस म्हणजे डोळे बारीक करून बसलेला गोरा नट रिचर्ड बार्थेलमेस, म्हणजे सेटवर दोघंही गोरेच, तरी ही खबरदारी! हा सिनेमा जिथे बनला त्या कॅलिफोर्नियात गोऱ्या-चिनी लग्नाला 1948 पर्यंत कायद्यानेच बंदी होती, ती बंदी त्या बाहीत दिसते.

मला हे कित्येक वर्षं दिसलं नाही. आमच्या फिल्म सोसायटीत मी याच सिनेमावर 'निर्मळ प्रेम' वगैरे बोललो होतो, तर मागून एका मुलाने विचारलं, सर, चिनी माणसाचं काम चिनी माणसाने का नाही केलं? मी म्हटलं, तेव्हा तसंच चालायचं, पुढचा प्रश्न. धादांत चूक होतं ते. सेस्यू हायाकावा हा जपानी नट 1915 च्या 'द चीट'पासून मोठा स्टार होता. तो मुलगा परत कधी आला नाही, ते अजून टोचतं. आता एक सांगतो, आम्हाला प्रिंट एका संध्याकाळपुरती मिळायची, रिवाइंड करून बघणं नव्हतंच, जे डोळ्यात राहील त्यावर बोलायचं. पण त्याला नीट उत्तर द्यायला कुठे रिवाइंड लागत होतं? तुझ्याकडे तर पॉज बटण आहे, तू तरी हात बघ ना.

'द चीट'मध्ये हायाकावाचा हात गोऱ्या बाईच्या खांद्यावर तापलेला शिक्का उमटवतो, तो हात दाखवायला कुणाची हरकत नव्हती. 1922 च्या 'द टोल ऑफ द सी'मध्ये सतरा वर्षांची चिनी-अमेरिकन नटी ॲना मे वाँग आपलं पोर स्वतःच्या हाताने पोराच्या बापाच्या गोऱ्या बायकोला देऊन टाकते. दुखवणारा हात चालतो, देऊन टाकणारा हात चालतो, नुसता धरलेला हात चालत नाही. मेलोड्रामात शेवटी कोण मरतं याच्यावर सगळे पानंच्या पानं लिहितात, तू नको लिहूस.

पुस्तकांची यादी पाठवू नकोस, मी उघडणार नाही. आधी 1929 चा 'पिकॅडिली' लाव. त्यात पबमध्ये एक गोरी बाई एका काळ्या माणसाबरोबर नाचते आणि गोंधळ होतो. तिथे पॉज कर. त्याचा हात कुठे आहे, ओरडा झाल्यावर आधी कोणाचा हात सुटतो, एवढंच लिहून पाठव, रविवारपर्यंत.