दमास्कस नळीवरची नक्षी : वाचकांच्या शंका

प्रश्न : घरी पणजोबांपासून चालत आलेली, परवान्यावरची दुनळी बारा बोअर बंदूक आहे. नळ्यांवर कुरळ्या केसांच्या बटांसारखी नक्षी आहे. ती कोरलेली आहे की ॲसिडने काढलेली?

उत्तर : नळी अस्सल दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पिळलेल्या कांबांपासून घडलेली, असेल तर दोन्ही नाही. नक्षी नळीच्या सबंध जाडीत आहे. ॲसिड किंवा गंज ती फक्त दाखवतो. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममध्ये लिएजच्या आसपास आणि इंग्लंडात बर्मिंगहॅमला अशा नळ्या मोठ्या प्रमाणावर घडत.

नरम लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, भट्टीत तापवून घणाखाली एकजीव करायच्या आणि त्या लगडीची बोटापेक्षा बारीक चौकोनी कांब ओढायची. ही कांब लाल असताना एक टोक पक्कं धरून दुसरं फिरवायचं, सुंभाला पीळ घालतात तसं. अशा दोन, तीन किंवा चार कांबा शेजारी ठेवून सांधल्या की पट्टी होते; लगतच्या कांबांचे पीळ सहसा उलटसुलट ठेवतात. पट्टी लोखंडी गजाभोवती गुंडाळायची, वेढ्यांच्या कडा तापवायच्या, नळी उभी आपटून त्या एकमेकींत बसवायच्या आणि वरून ठोकून सांधायच्या. बार उडताना दाब जास्त बसतो त्या मागच्या भागाला पट्टी जाड, तोंडाकडे पातळ. मग आतून बोअर पाडणं आणि बाहेरून घासणं.

बटा उमटतात त्या या घासण्यात. पिळलेल्या कांबेच्या अंगावर नुसत्या तिरक्या रेषा असतात. पण कांब मध्याच्या दिशेने झिजवत नेली की छेद पिळलेल्या थरांतून जातो. थर कुठे आडवे कापले जातात, कुठे उभे, आणि रेषा वळून बट तयार होते. दर अर्ध्या वेढ्याला आकृती पुन्हा येते, म्हणून पीळ जितका घट्ट तितकी नक्षी बारीक. पटत नसेल तर मुलांच्या खेळण्यातली दोन रंगांची माती घ्या. आठ-दहा थर एकावर एक ठेवून चौकोनी कांडी करा, पीळ द्या आणि धारदार सुरीने मधोमध उभी चिरा. आतली नक्षी बाहेरच्यापेक्षा किती वेगळी ते लगेच दिसेल.

प्रश्न : आमच्या नळीत किती कांबा आहेत हे कसं ओळखायचं? आणि एका जागी बटा दाटल्यासारख्या का दिसतात?

उत्तर : नळीभोवती तिरकी फिरत जाणारी सांध्याची रेषा शोधा. एका रेषेपासून पुढच्या रेषेपर्यंत बटांच्या जितक्या रांगा, तितक्या कांबा. दाटलेली जागा म्हणजे पिळताना कांब सगळीकडे सारखी तापलेली नव्हती. जास्त तापलेला भाग मऊ पडतो आणि सगळा पीळ तोच खातो. दिसायला खटकतं, पण तो सांध्याचा दोष नव्हे. खरी काळजी करायची ती सांध्यालगतच्या करड्या ठिपक्यांची आणि केसासारख्या फटींची. तिथे ठोकताना लोखंडाची मळी किंवा भट्टीतले खवले अडकलेले असू शकतात आणि गंज आत शिरायला तीच वाट मिळते.

प्रश्न : नकली दमास्कसही असतं म्हणे?

उत्तर : हो. साध्या पोलादी नळीवर नक्षी छापून किंवा ॲसिडने काढून स्वस्त बंदुका खपवल्या गेल्या. पुढच्या लाकडाखाली, जिथे नजर जात नाही, तिथे नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, तेलाचा अंश काढा आणि फेरिक क्लोराइडचं पातळ द्रावण (सर्किट बोर्ड कोरायला वापरतात ते, दहापट पाण्यात) मिनिटभर लावा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच तेल लावा. अस्सल नळीत रेषा परत उमटतात. नकलीत नुसता करडा डाग. मात्र हे काम परवानाधारक बंदूकसाजाकडूनच करून घ्या, कारण शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो.

प्रश्न : पॉलिश केल्यावर नक्षी गेली. ब्लूइंग (पोलादावर निळा-काळा थर चढवणं) करून परत येईल का?

उत्तर : गरम क्षारांचं ब्लूइंग अजिबात करू देऊ नका. दोन नळ्या आणि त्यांमधल्या पट्ट्या शिशा-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. ते कॉस्टिकचं उकळतं द्रावण डाक खातं आणि पट्ट्या सुटतात. इथे संथ गंजाचंच काम हवं. दोन्ही टोकांना लाकडी बुचं मारा. चुन्याने चोळून तेलकटपणा घालवा आणि मग हात लावू नका, बोटांचे ठसे उमटतात. ब्राउनिंगचं, म्हणजे गंज चढवणारं, द्रावण अगदी पातळ, एकाच दिशेने फिरवा. ओलसर उबेत गंजाची मऊ साय धरू द्या, ती बारीक तारेच्या ब्रशने झाडा, पुन्हा लावा. पाच-सहा हातांआधी फारसं काही दिसत नाही. अनेकांचा धीर इथेच सुटतो. लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने गंजतात, त्यातून गडद-फिकट फरक उघडतो. द्रावण जास्त ओलं झालं तर ओघळ येतात आणि नळी पुन्हा पॉलिश करावी लागते. रंग मनासारखा आला की उकळत्या पाण्याने गंज थांबवून तेल लावायचं. प्रत्येक हातानंतर नळी उकळली, तर तांबूस गंजाचा काळा होतो आणि बेल्जियन पद्धतीची काळी-पांढरी नक्षी मिळते.

प्रश्न : आजची काडतुसं चालतील?

उत्तर : नाही. या नळ्या बहुतांशी काळ्या दारूसाठी घडल्या. नायट्रो प्रूफची (नळी आधुनिक धूररहित दारूसाठी तपासल्याची) खूण असली तरी ती मारल्यानंतर नळी आतून किती घासली गेली, भिंत किती उरली, हे मापकाने पाहिल्याशिवाय त्या खुणेवर विसंबू नये.