धावपट्टीवरची गैर हजेरी

प्रश्न असा आला आहे : 'रनवे इन्कर्जन'ला, म्हणजे विमान किंवा वाहन चुकून धावपट्टीवर येण्याला, मराठीत 'धावपट्टीवरील घुसखोरी' म्हणावे की 'धावपट्टीवरील अतिक्रमण'?

दोन्ही नकोत. त्यातही 'घुसखोरी' तर मुळीच नको. दोन विमाने धावपट्टीवर एकमेकांसमोर आली रे आली, की मथळ्यात हा शब्द ठाण मांडतो आणि माझ्या डोक्यात तिडीक उठते.

'इन्कर्जन'मध्ये लॅटिनमधला 'धावणे' आहे, तोच 'कुरिअर' आणि 'करंट'मध्येही आहे, हे कुठल्याही कोशात सापडेल, ते सोडू. गोम आहे ती 'खोर'मध्ये. फारसीत 'खोर' म्हणजे खाणारा. लाचखोर लाच खातो, हरामखोर हरामाचे खातो. पुढे हा प्रत्यय खाण्यापासून सुटला आणि खोडीला चिकटला : भांडखोर, दंगेखोर, चेष्टेखोर. म्हणजे घुसखोर तो, ज्याला घुसायचेच असते. धुक्यात वळण चुकलेला वैमानिक किंवा थांबरेषा न दिसलेला गाडीचालक यात कसा बसवणार?

'अतिक्रमण' व्युत्पत्तीने निदान बरे. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे, आणि इथे रेषेपलीकडे पाऊल पडलेले असतेच. पण मराठीत अतिक्रमण करणारा बस्तान बसवतो. त्याला हटवायला पथक लागते.

आता खरी गंमत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्याख्येत घुसणे नाहीच. विमानांच्या उतरण्या-उडण्यासाठी राखलेल्या जागेत विमान, वाहन किंवा माणूस चुकीने उपस्थित असणे, एवढेच आहे. चुकीची उपस्थिती. म्हणजेच गैर हजेरी!

हसू नका. अरबीत 'गैर' म्हणजे दुसरा, निराळा. मराठीत त्याच्या दोन वाटा झाल्या. 'गैरहजर'मध्ये तो नकार आहे, पण 'गैरवर्तन' म्हणजे वर्तनाचा अभाव नव्हे आणि 'गैरसमज' म्हणजे समज नसणे नव्हे. तिथे तो 'वावगे' सांगतो. माझे मत असे की आपण 'त्यात गैर काय?' असे त्याला सुटे वापरू लागलो, तेव्हाच हा दुसरा अर्थ पक्का रुजला. मग 'गैरहजेरी' म्हणजे नसणे आणि तोडून लिहिलेली 'गैर हजेरी' म्हणजे नको तिथे असणे, हा भेद मराठीला सहज पेलेल. टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजी तटरक्षक दलाचे विमान परवानगी मिळाली अशा समजुतीत धावपट्टीवर आले आणि सुमारे ४० सेकंद उभे राहिले. उतरणारे एअरबस त्यावर आदळले. एअरबसमधले सगळे ३७९ जण वाचले, छोट्या विमानातले सहापैकी पाच गेले. घात त्या चाळीस सेकंदांच्या हजेरीने केला.

परिभाषेतले काही सोवळे लोक यावर 'अनधिकृत प्रवेश' पुढे करतात, कारण त्यांना 'गैर'ही परका आणि 'हजेरी'ही परकी. त्यांनी एकदा टेनेरिफे आठवावे. २७ मार्च १९७७, स्पेनच्या या बेटावर धावपट्टीवरच दोन जंबो विमानांची टक्कर, एक अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचे, दुसरे नेदरलँड्सच्या केएलएमचे, ५८३ मृत्यू. पॅन अ‍ॅमचे विमान धावपट्टीवर होते ते नियंत्रकाच्याच सांगण्यावरून. केएलएमचेही त्याच सांगण्यावरून टोकाशी जाऊन उभे होते. प्रवेश दोघांचाही अधिकृत! चुकले ते परवानगी नसताना धावत सुटणे. केएलएमचा वैमानिक रेडिओवर जे बोलला, त्याचा अर्थ 'उड्डाणाच्या जागी आहोत' असाही होत होता आणि 'उड्डाण करतो आहोत' असाही. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे, असा दंडक आहे. शब्द सैल वापरला की काय होते, हे विमानवाल्या मंडळींना आपल्या सोवळ्यांपेक्षा जास्त कळते.

जाता जाता : धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीत लाल दिव्यांची आडवी ओळ असते, तिला 'स्टॉप बार' म्हणतात. ती पेटलेली असताना तोंडी परवानगी मिळाली तरी ओलांडायची नाही. तिला 'आगळ' म्हणावे. दाराचा अडसर तो, संस्कृत 'अर्गला'. इतका नेमका शब्द घरात पडून आहे.

हां, मूळ प्रश्न राहिलाच. बातमी लिहायची असेल तर 'विमान चुकून धावपट्टीवर आले' लिहा. मथळ्याला फार तर 'शिरकाव' चालेल, त्यात हेतूचा आरोप नाही. आणि विमान धावपट्टी सोडून बाजूच्या चिखलात गेले असेल तर ते इन्कर्जन नव्हेच, एक्स्कर्जन. कोशात बघून त्याला 'सहल' म्हणू नका. 'घसरले' म्हणा.