बांबूचा कीस आणि वंशलोचन

प्रश्न : वैद्यबाई, माझी सून सिंगापूरला असते. तिला तिसरा महिना आहे आणि उलट्या काही थांबत नाहीत. तिथल्या चिनी वैद्यांनी काढ्याच्या पुड्या दिल्यात. तिने फोटो पाठवला, तर त्यात सुताराच्या रंध्याखाली पडतात तशा ढलप्या! बांबूच्या आहेत म्हणे. हे खरंच औषध आहे का? मी तिला सितोपलादी पाठवणार होते. त्यातलं वंशलोचनही बांबूचंच, मग तेच दिलं तर चालेल ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, औषधच आहे ते, आणि फार जुनं. चिनी भाषेत त्याला ‘चू-रू’ म्हणतात. बांबूची वरची हिरवी साल तासून टाकतात आणि तिच्या आतला थर लांब पट्ट्यांनी खरवडून वाळवतात. लेकीकडे सिंगापूरला गेले होते तेव्हा चायनाटाउनमधल्या एका दुकानात मी तो हातात घेऊन पाहिला. फिकट पिवळा, कुरळा, अगदी हलका. १० ग्रॅमची पुडी मूठभर दिसते. काढ्यात तो साधारण ५ ते १० ग्रॅम घालतात.

चिनी वैद्यकात तो गोड आणि किंचित थंड मानतात. छातीतला पिवळा, चिकट कफ, त्यापायी होणारी तगमग आणि उडालेली झोप यांवर तो देतात. पोटातल्या उष्णतेने होणाऱ्या उलटीवर द्यायचा, तर आल्याच्या रसात भिजवून मंद आचेवर परततात. १०० किलो किसाला १० किलो आलं, असं प्रमाण. इसवी सन २०० च्या सुमारास होऊन गेलेले वैद्य चांग चुंगचिंग यांचा उचकीवरचा एक काढा आहे : संत्र्याची साल, हा कीस, आलं, चिनी खजूर, ज्येष्ठमध आणि जिनसेंग. आपल्या कुठल्याही वैद्याला ही जुळणी ओळखीची वाटेल. मात्र उलटी पाणचट असेल आणि गरम प्यायल्यावर बरं वाटत असेल, तर एकटा हा कीस ते देत नाहीत.

गर्भारपणातल्या उलट्यांवर तिकडे तो पूर्वापार देतात. पण पूर्वापार देतात म्हणजे गर्भाला निर्धोक ठरला, असं मी म्हणणार नाही. शिवाय पुडीत तो एकटा नसतो. त्याच्या जोडीला पुष्कळदा ‘पान-श्या’ नावाचा कंद असतो. कच्चा असला तर तो विषारी, आणि शुद्ध केलेलाही गर्भारपणी जपूनच देतात. म्हणून सुनेला पुडीतल्या प्रत्येक घटकाचं नाव लिहून घ्यायला सांगा आणि तो कागद तिच्या प्रसूतितज्ज्ञांना दाखवू द्या. त्यांनी होकार दिल्याशिवाय काढा नको. पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, चक्कर येत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी इस्पितळात न्यायचं.

आता वंशलोचन. ते बांबूच्या पेरांत साचून घट्ट झालेल्या रसाचं असतं, बहुतांशी सिलिका. चिनी वैद्यही ते वापरतात, पण वेगळं औषध म्हणून. त्यांच्याकडे त्याचं नाव ‘थिएन-चू-ह्वांग’. सितोपलादीत खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १. ते मुख्यतः खोकल्याचं चूर्ण. त्यातून बाजारात वंशलोचनाच्या जागी सर्रास तवकीर घालतात. पार्सल बांधलं असेल तर ती बाटली तेवढी काढून ठेवा.