प्रकाश लहर की कण, एकदाचं सांगून टाका

प्रश्न: शाळेत प्रकाश लहर आहे म्हणून शिकवलं, पुढे कॉलेजात फोटॉन म्हणजे कण आले. दोन्ही खरं कसं? आणि एकटा फोटॉन दोन फटींतून जातो म्हणे, म्हणजे काय?

उत्तर: डोकं गरगरणं साहजिक आहे हो. १८०१ च्या आसपास थॉमस यंगने दाखवलं की दोन वाटांनी आलेला प्रकाश एकमेकांत मिसळला की उजेड-अंधाराचे पट्टे पडतात, आणि उजेडात उजेड मिळवून अंधार होणं हे लहरींनाच जमतं. मग १९०५ मध्ये आइनस्टाइनने उलटं टोक धरलं. जस्तावर लाल प्रकाश कितीही भगभगीत टाका, इलेक्ट्रॉन सुटत नाही, पण मंद अतिनील टाकला की लगेच सुटतो, म्हणजे ऊर्जा सुट्ट्या पुडक्यांत येते (हेच फोटॉन) आणि एकेका पुडक्यातच पुरेसा जोर असावा लागतो. (१९२१ चं नोबेल यासाठी, सापेक्षतेसाठी नाही बरं का!)

आता खरी गंमत. दोन बारीक फटी आणि त्यांच्यामागे पडदा ठेवून फोटॉन एकेक करून सोडले तर पडद्यावर एका वेळी एकच ठिपका उमटतो, कुठे ते आधी सांगता येत नाही, पण हजारो ठिपके साठले की तेच पट्टे दिसायला लागतात आणि कुठल्या फटीतून गेला ते बघायला डिटेक्टर लावला तर पट्टे गायब!! 'अर्धा इकडून अर्धा तिकडून' असं मात्र समजू नका, अर्धा फोटॉन कधीच सापडत नाही. दोन्ही फटींतून जाते ती लहर, आणि ठिपका कुठे पडण्याची शक्यता किती एवढंच ती ठरवते.