जुन्या गाडीचे चारही ब्रेक बदलायला सांगितलेत, एवढा खर्च करावा का?

तुमची गाडी १४ वर्षांची आहे, ब्रेक दाबला की पुढून आवाज येतो, आणि गॅरेजने पॅड, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी), कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), मागचे लायनर (मागच्या ड्रमच्या आत घासणारे) असं सगळंच बदलायला सांगितलंय. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या पाव हिश्शावर जातोय, तेव्हा तो करावा की गाडी काढून टाकावी, असं तुम्ही विचारलंय. माझं रोजचं काम ब्रेकचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होकार देण्याआधी गॅरेजकडून प्रत्येक भागाचं माप मागून घ्या. तुम्हाला दिलेल्या एका रकमेत चार-पाच वेगळी कामं आहेत, आणि ती सगळी एकाच वेळी संपलेली असतील असं सहसा होत नाही.

पॅडचं सोपं आहे. नव्या पॅडवर १० ते १२ मिलिमीटर मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचे, आणि बदलताना एका ॲक्सलची, म्हणजे पुढची किंवा मागची, दोन्ही चाकं एकदमच करायची. ब्रेक दाबल्यावर चिरका, बारीक आवाज येत असेल तर बऱ्याच पॅडना मुद्दाम लावलेली पत्र्याची पट्टी डिस्कला घासत असते, म्हणजे वेळेवर मिळालेली सूचना आहे. खरखर घासल्यासारखा आवाज असेल तर मसाला संपून लोखंडावर लोखंड चाललंय, आणि मग डिस्कही वाचणं अवघड. तुमचा आवाज यातला कुठला, ते आधी नीट ऐका. खरखर असेल तर काम होईपर्यंत गाडी चालवू नका.

डिस्कची किमान जाडी डिस्कवरच, कडेला किंवा मधल्या भागावर, कोरलेली असते. नवी २२ मिलिमीटरची असेल तर ती साधारण २० पर्यंत चालते. मोजताना एक गोष्ट बघा. जुन्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला, जिथे पॅड घासत नाही तिथे, एक उंच काठ तयार होतो. त्या काठावरून व्हर्नियर लावला तर डिस्क खरी आहे त्यापेक्षा जाड दिसते. मायक्रोमीटरने, आत, चार-पाच ठिकाणी मोजायला सांगा. माप किमान आकड्याच्या वर असेल, भेगा नसतील आणि ब्रेक मारताना पेडल थरथरत नसेल, तर नवे पॅड त्याच डिस्कवर बसवता येतात. डिस्क लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करून, घेण्याचा सल्ला मिळेल, पण छोट्या गाडीच्या बाबतीत फेसिंगची मजुरी अनेकदा नव्या डिस्कच्या किमतीजवळ पोचते आणि जाडी मात्र आणखी कमी होते.

जुन्या गाडीत खरा पैसा जातो तो कॅलिपरमध्ये, आणि तिथेच सगळ्यात जास्त वाचूही शकतो. तुमच्या समोर पुढचं चाक काढायला सांगा आणि आतला व बाहेरचा पॅड शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखे झिजले असतील तर कॅलिपर नीट काम करतोय. आतला २ मिलिमीटर आणि बाहेरचा ७ असेल, तर बहुतेक वेळा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकलेल्या असतात. त्या बाहेर ओढल्या की वाळून तपकिरी झालेलं ग्रीस खपलीसारखं निघतं. पिना साफ करून, ब्रेकसाठीचं ग्रीस लावून, नवे रबरी बूट घातले की काम झालं. साधं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. पिस्टन, म्हणजे तेलाच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या, जाम असेल तर सील-किट टाकता येतं. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील तर मात्र किटवर भागत नाही, पिस्टन किंवा अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. म्हणून 'कॅलिपर गेलाय' एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय गेलंय ते विचारा.

तुम्ही दिलेल्या यादीत होज पाइप, म्हणजे कॅलिपरपर्यंत ब्रेकचं तेल नेणाऱ्या रबरी नळ्या, नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. १४ वर्षांत रबरी होज आतून सुजतो. पेडलच्या जोराने तेल पुढे जातं, पण पेडल सोडल्यावर परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. लक्षण हुबेहूब कॅलिपर जाम झाल्यासारखं असतं, त्यामुळे महागडा कॅलिपर बदलला जातो आणि चाक गरम होणं सुरूच राहतं. कॅलिपरच्या मानाने होज खूपच स्वस्त आहे. एवढ्या जुन्या गाडीत मी तो बदलतोच, आणि त्याबरोबर ब्रेक ऑइलही. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही. ओलावा धरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ते उकळलं की वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. दोन वर्षांनी तेल बदलायचं ते यासाठी.

मागच्या ड्रमना घाई सहसा नसते, कारण थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. फक्त व्हील सिलिंडरचा (ड्रमच्या आत तेलाच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या भागाचा) रबरी बूट उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर बदला, आणि लायनरवर तेल उतरलं असेल तर दोन्ही बाजूंचे लायनरही.

मजुरीबद्दल आधीच बोलून घ्या. जुन्या गाडीत एअर (तेलात अडकलेली हवा) काढायचं निपल गंजून तुटतं, डिस्कचा स्क्रू निघत नाही, आणि बिल तिथे वाढतं. निपल तुटलं तर खर्च कोणाचा, हे चाक उघडण्याआधी ठरवा. होज, कॅलिपर आणि तेल एकाच वेळी करा, म्हणजे एअर एकदाच काढावी लागेल.

आता गाडीच्या किमतीशी तुलना. १,००० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवताना ब्रेकना सुमारे अडीच लाख ज्यूल उष्णता काही सेकंदांत झेलावी लागते. गाडीचा बाजारभाव कितीही उतरला तरी हा आकडा तेवढाच राहतो. तेव्हा ही गाडी अजून वर्ष-दोन वर्षं चालवणार असाल तर जे खरोखर संपलंय त्यावर बिनधास्त खर्च करा. मी 'नको' म्हणेन ते एकाच परिस्थितीत: गाडीखालच्या लोखंडी ब्रेक पाइपांबरोबर फ्लोअर आणि चॅसीसुद्धा गंजून पोखरली असेल तर. मग ब्रेक नवे करूनही गाडी सुरक्षित होत नाही.

पॅड सगळ्यात स्वस्तातले घेऊ नका. नामांकित ब्रेक-उत्पादकाचे घ्या, गाडीच्या कंपनीच्याच खोक्यातले असलेच पाहिजेत असं नाही. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत काही वेळा दाबा, आणि पहिले दोनेकशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा, पॅड डिस्कवर बसू द्या.

मापं हाती आली की कळवा. पुढचे दोन्ही पॅड सारखे झिजलेले निघाले, तर कॅलिपरची रक्कम तुमच्या यादीतून जाईल असा माझा अंदाज आहे.