जुन्या राउटरचा अ‍ॅक्सेस पॉइंट करताना

प्रश्न : मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही म्हणून पडून असलेला जुना राउटर मुख्य राउटरला केबलने, लॅन पोर्टातून (घरातली उपकरणं केबलने जोडायची जागा) लॅन पोर्टात, जोडला. फोन जोडला जातो, पण इंटरनेट कधी चालतं, कधी नाही. असं का?

उत्तर : दोन्ही राउटर एकाच वेळी पत्ते वाटत आहेत, हे जवळपास नक्की. फोन जोडला गेला की आधी आयपी पत्ता मागतो, आणि डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) चालू असलेल्या राउटरांपैकी जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतो. जुन्याने दिला, तर बाहेर जाण्याचा रस्ता म्हणूनही तो स्वतःकडेच बोट दाखवतो आणि त्याच्याकडे तर इंटरनेट नाही. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर घोळ आणखी वाढतो.

मधली केबल काढा. जुना राउटर चालू ठेवून रीसेट बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा आणि संगणक त्याच्या लॅन पोर्टाला जोडा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून सेटिंगचं पान उघडा. तिथे ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवण्याचा प्रकार) असेल तर तोच निवडा, बाकीचं बहुतेक आपोआप होतं. नसेल तर आधी वाय-फायचं नाव आणि पासवर्ड भरून घ्या, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. मग लॅनचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि तो १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० हे पत्ते वाटत असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद करा. हे शेवटी करायचं, कारण त्यानंतर संगणकाला पत्ता मिळत नाही आणि सेटिंगचं पान उघडेनासं होतं. तसं झालंच तर संगणकाला हाताने १९२.१६८.१.५० पत्ता आणि २५५.२५५.२५५.० सबनेट मास्क द्या.

आता केबल पूर्वीसारखीच, लॅनमधून लॅनमध्ये. सेटिंग हाताने बदललं असेल तर जुन्या राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरून इंटरनेटची केबल यायची जागा) रिकामाच ठेवा. त्यात केबल घातली तर मागच्या खोलीचं वेगळं जाळं तयार होतं. इंटरनेट चालेलही, पण पुढच्या खोलीतल्या फोनला मागचा प्रिंटर सापडणार नाही.

दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सारखा ठेवा, म्हणजे चालता चालता फोन एक सोडून दुसरा धरेल. चॅनल (वाय-फायच्या लहरींचा क्रमांक दिलेला पट्टा) मात्र वेगवेगळे हवेत : २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांतलेच, रुंदी २० मेगाहर्ट्झ. राउटर उंचावर, मोकळा ठेवा. लोखंडी कपाट किंवा माशांची टाकी आड आली तर घेतलेली मेहनत वाया जाते.

प्रश्न : केबल नवी कॅट-५ई आहे, तरी वेग ९५ एमबीपीएसच्या वर जात नाही. केबल बदलू का?

उत्तर : आधी पोर्ट तपासा. बऱ्याच जुन्या राउटरांचे पोर्टच १०० एमबीपीएसचे असतात, तिथे केबल बदलून काही होणार नाही. पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएस) असतील तर केबलच्या टोकाचा प्लग पाहा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार नीट बसली नसली तरी सहसा जोडणी तुटत नाही, मुकाट्याने १०० वर येते आणि दोष लक्षातच येत नाही. प्लग कापून दोन्ही टोकांना नवा बसवा, दोन्हीकडे क्रम एकच : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.