सांगलीत नवीन आहे. झाडं ओळखायला आणि त्यांच्याबद्दल वाचायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन विश्रामबागेत राहायला आलात, गावात ओळखीचं कुणी नाही, संध्याकाळी चालायला जाता, वाटेतली झाडं आवडतात पण नावं येत नाहीत. एखादं पुस्तक आणि एखादं ग्रंथालय सुचवा, असं म्हणताय. माझं स्पष्ट मत सांगतो: नावांच्या मागे लागू नका आणि पुस्तकं विकत घेऊ नका. इतक्यात तरी नको.

रोजच्या वाटेवरची चार-पाच झाडं धरा आणि वर्षभर तीच बघा. हौसेनं पन्नास झाडांची नावं पाठ करणारा माणूस पानगळीत हमखास फसतो, कारण त्यानं झाड पानांवरूनच ओळखलेलं असतं. त्यापेक्षा एक करंज घ्या. आपल्याकडे रस्त्याकडेला हवे तेवढे आहेत. पावसाळा संपता संपता त्याचं पान हातात घेऊन बघा. त्यावर पांढरट डाग असतात. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून अळीनं आतला हिरवा गर खाल्लेला असतो. काही पानांवर बोटांसारख्या बारीक गाठी उभ्या असतात, त्या जाळं विणणाऱ्या कोळी किड्याच्या कुळातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांमुळे येतात. झाड रोगट वाटतं, पण त्याला त्याचं काही नसतं. उन्हाळ्याच्या तोंडावर ही सगळी पानं टाकून ते मोकळं होतं आणि बघता बघता चकचकीत पोपटी पालवी फुटते. मग फुलं येतात. ती वर पालवीत फारशी दिसत नाहीत. खाली मात्र रस्त्यावर चुरमुरे सांडल्यासारखा सडा पडतो. एवढं एकदा बघितलंत की करंज तुम्हाला कुठल्याही महिन्यात, कुठल्याही गावात ओळखू येईल.

दुसरी निवडा काटेसावर. माघ-फाल्गुनात एकही पान नाही आणि फांद्यांवर लालभडक फुलं. साळुंक्या, कावळे, शिंजीर अशी सगळ्यांची रसासाठी झुंबड असते. खाली उभे राहिलात तर एखादं जाड पाकळ्यांचं फूल धप्पकन अंगावर येतं. तिसरं बूच. दिवाळीच्या आगेमागे रात्री जेवून बाहेर पडा आणि वासाचा माग काढत जा. लांब देठाची पांढरी फुलं सकाळी खाली पडलेली असतात, आमच्या लहानपणी त्याच्या पिपाण्या व्हायच्या. हे झाड मूळचं म्यानमारचं. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. म्हणून त्यांना परके म्हणून नाकं मुरडणारे बरेच भेटतील. मला तो वाद बघणाऱ्याच्या कामाचा वाटत नाही. काय लावायचं हे ठरवताना तो जरूर करावा. नवीन लावायचं असेल तर ताम्हण लावा, महाराष्ट्राचं राज्यफूल आहे आणि ऐन उन्हाळ्यात जांभळं होतं.

इथल्या आमराई उद्यानात जालच. तिथे सकाळी हात हलवत जोरात चालणारे असतात, वर बघत उभं राहिलेल्या माणसाची त्यांना अडचण होते. तेव्हा कडेनं चाला. खरी मजा नदीकाठी आहे. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज ही पाण्यात पाय रोवून जगणारी मंडळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट). पाणी ओसरलं तेव्हा काठच्या करंजांच्या वरच्या फांद्यांत प्लास्टिक आणि चिंध्या लटकत होत्या आणि खालून खोड गाळानं माखलेलं, पण बरीच झाडं तगली.

पुस्तकांना तेवढं नशीब नव्हतं. त्याच पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. त्यामुळे एखादं जुनं पुस्तक यादीत दिसलं आणि मिळालं नाही तर देवघेवीच्या खिडकीवर कुरकुर करू नका. तरीही सभासद तिथेच व्हा, किंवा मिरजेला जाणं-येणं असेल तर खरे वाचन मंदिरात. अर्ज, फोटो, पत्त्याचा पुरावा, अनामत आणि वर्गणी, बास.

आता एक कळीची गोष्ट. ग्रंथालयात झाडांची पुस्तकं एका कपाटात नसतात. काही ललित गद्यात, काही विज्ञानात, काही शेतीत, तर काही थेट आयुर्वेदात. ‘झाडांवरचं पुस्तक द्या’ म्हणालात तर बहुधा गुलाबाची लागवड हातात येईल. म्हणून लेखकाचं नाव घेऊन मागा. आणि बालविभागात लाज न बाळगता शिरा, चांगली चित्रं बऱ्याचदा तिथेच सापडतात.

मागायची कुठली? सगळ्यात आधी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. १९५६ चं पुस्तक, चैत्रापासून महिन्यागणिक लेख. हे एका बैठकीत वाचून संपवू नका. त्या त्या महिन्यात तो तो लेख वाचा. त्यातला पाऊस सांगलीत शोधू नका, आपल्याकडे त्या मानानं कमीच पडतो. पण कुठलं झाड कधी फुलतं हे ताडून बघण्यात फार गंमत आहे. दुसरं शरदिनी डहाणूकरांचं ‘वृक्षगान’. बाई औषधशास्त्रातल्या डॉक्टर, पण लिहिणं अजिबात दवाखान्यासारखं नाही. सुट्टं कुठूनही उघडून वाचता येतं. श्री. द. महाजनांचं ‘आपले वृक्ष’ तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. ते ओळख पटवायला आहे, तेव्हा आधी डोळ्यांनी बघून झालेलं बरं. आणि झाडांवरचं नसलं तरी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ राहू देऊ नका. आटपाडीकडचा माणदेश याच जिल्ह्यातला. नदीकाठची सांगली बघून झाल्यावर तो कोरडा मुलूख वाचला की जिल्ह्याची दुसरी बाजू कळते.

मोबाईलमधल्या अ‍ॅपबद्दल विचारलंय. वापरा, पण फुलाचा फोटो असेल तेव्हाच. नुसत्या पानावरून ते कडुनिंबाला बकाणनिंब करून टाकतं. त्यापेक्षा झाडाखालच्या टपरीवाल्याला विचारा. फक्त कडुनिंब म्हणण्याऐवजी लिंब म्हणा, नाहीतर तो तुम्हाला पुण्याचा समजेल.

जानेवारीपर्यंत इथे असाल तर १४ तारखेला, संक्रांतीला, पलूस तालुक्यातल्या औदुंबरला जाऊन या. कृष्णेकाठी दत्ताचं देवस्थान आणि उंबराच्या सावलीचा परिसर. सदानंद साहित्य मंडळ दरवर्षी तिथे त्या दिवशी साहित्य संमेलन भरवतं. मंडप, भाषणं, कविता सगळं असतं. कविसंमेलन रेंगाळलं तर उठून खाली घाटावर जा, कुणी काही म्हणत नाही. तीळगूळ मात्र घेऊनच निघा.